काळी दोन की काळी पाच? शाळेच्या बँडसाठी ट्यूबा निवडताना

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचनं शाळेला पितळी बँडचा संच भेट द्यायचं ठरवलं आहे. वर्गणी जमली, यादीही झाली. कॉर्नेट, ट्रम्पेट, अल्टो हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, साइड ड्रम, बास ड्रम, झांजा. या सगळ्यावर एकमत आहे. अडली ती एकच ओळ: 'ट्यूबा, १ नग'. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये या ओळीपुढे दोन भाव आहेत. एक 'बी फ्लॅट'चा, दुसरा 'ई फ्लॅट'चा. समितीतल्या आपल्या एका मित्रानं मला फोनवर विचारलं, "अबे, भोंगा तो भोंगा! त्यात का फरक असते? मोठा दिसते तो घेऊन टाकू."

मी बावीस वर्षं सैन्याच्या बँडमध्ये हाच भोंगा खांद्यावर वागवला. म्हणून समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत. फरक काय असतो ते मी सांगतो, निर्णय तुम्ही घ्या. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, आणि ओझं मात्र सातवी-आठवीतल्या एखाद्या लेकराच्या खांद्यावर जाणार आहे.

आधी 'बी फ्लॅट' आणि 'ई फ्लॅट' ही काय भानगड आहे ते पाहू. आपण सगळे पेटीच्या भाषेत वाढलो. भजनात बुवा म्हणतात, "काळी दोन धरा", आणि पेटीवाला धरतो. तीच भाषा इथे चालते. ई फ्लॅट म्हणजे काळी दोन. बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. जगात ट्यूबा मुख्यतः चार स्वरांचे मिळतात: बी फ्लॅट, सी, ई फ्लॅट आणि एफ. पेटीवर सांगायचं तर काळी पाच, पांढरी एक, काळी दोन आणि पांढरी चार. एकही कळ न दाबता फुंकलं की वाद्य ज्या स्वराच्या घरातले सूर देतं, तो त्या वाद्याचा स्वर.

इथे एक गैरसमज होतो. काळी पाचचा ट्यूबा फक्त काळी पाचमध्येच वाजतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कळा दाबून कुठल्याही ट्यूबावर बाराही सूर निघतात. ट्यूबाच्या स्वरानं ठरतं ते इतकंच की नळी किती लांब, कोणता सूर सोपा, कोणता अवघड, आणि वाद्य पेलायला किती दम लागतो.

नळीची लांबी हे सगळ्याचं मूळ आहे. ट्रम्पेटची नळी उलगडली तर साधारण साडेचार फूट भरते. युफोनियमची नऊ फूट. बी फ्लॅट ट्यूबाची अठरा. दर वेळी दुप्पट, म्हणून दर वेळी सूर एक सप्तक खाली. ही तिन्ही एकाच घरातली भावंडं आहेत. ई फ्लॅट ट्यूबाची नळी साधारण तेरा फूट. तो दुसऱ्या घरातला, अल्टो हॉर्नचा थोरला भाऊ. अल्टोची नळी याच्या निम्मी असते.

हे वाद्य तसं फार जुनं नाही. १८३५ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेष्ट हे लष्करी बँडप्रमुख आणि योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ हे वाद्य बनवणारे कारागीर, या दोघांनी ट्यूबाचं पेटंट घेतलं. तो पहिला ट्यूबा एफ स्वराचा होता, पाच कळांचा. म्हणजे जन्मच मुळी लष्करी बँडसाठी झाला. पुढे प्रत्येक देशानं आपापली सोय पाहिली. जर्मनीतल्या वाद्यवृंदांत बी फ्लॅट आणि एफ रुळले. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी सी धरला. इंग्लंडमध्ये ई फ्लॅटला मान मिळाला, आणि तिथल्या पितळी बँडमध्ये आजही दोन ई फ्लॅट व दोन बी फ्लॅट असे चार बास बसतात. म्हणजे 'खरा' ट्यूबा कोणता हा प्रश्नच नाही. कुणी, कुठे, कशासाठी वाजवायचा हा प्रश्न आहे. तर आपल्या शाळेपुरतं पाहू.

पहिली गोष्ट वजनाची. चांगला मोठा बी फ्लॅट दहा किलोच्या आसपास भरतो. ई फ्लॅट त्याहून हलका आणि बुटका. बसून वाजवायचा असेल तर फरक मांडीवर कळतो. चालत वाजवायचा असेल तर पाठीत कळतो. शाळेचा बँड उभ्यानं आणि चालत वाजतो. लग्नाच्या वरातीत अंगाभोवती गुंडाळलेला आणि डोक्यावर कर्णा उघडलेला जो प्रकार तुम्ही पाहता, तो सूझाफोन. अमेरिकेतल्या जॉन फिलिप सूझा या बँडमास्तरच्या सूचनेवरून तो १८९० च्या दशकात तयार झाला. त्याचं ओझं खांद्यावर नीट वाटलं जातं हे खरं, पण तोही बहुतेक बी फ्लॅटच असतो, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या अंगावर ढिला लोंबकळतो.

आठवतं का, आपल्या वेळी शाळेत एकच जुना बास होता, आणि तो उचलणारा गडीही एकच होता. आपला पैलवान. दोन वर्षं त्यानं तो वाजवला. तो दहावी होऊन गेला आणि बास कपाटावर गेला. पुढच्या वर्गात तो पेलणारं कुणीच नव्हतं. बासशिवाय बँड वाजवून पाहिला, पण पायाखालची जमीन काढल्यासारखा तो पोकळ वाजायचा. वर्षभरात बँडच बंद पडला. वाद्य चांगलं होतं, वाजवणाराही चांगला होता. पण जे वाद्य शंभरातल्या एकालाच पेलतं, ते शाळेत टिकत नाही. शाळेतून दर वर्षी एक वर्ग बाहेर पडतो, त्यामुळे इथे वाद्य हातोहात पुढे जाणारं हवं.

आणि आता या बँडमध्ये मुली असणार आहेत. बाईंनी काल सांगितलं की नावं दिलेल्यांत निम्म्याहून जास्त मुलीच आहेत. आपल्या वेळी मुलींना झांजासुद्धा दिल्या जात नव्हत्या. तेव्हा 'उंच आणि दणकट पोरगा शोधा' असं म्हणायला लावणारं वाद्य आपण आणूच नये.

दुसरी गोष्ट शिकण्याची. बँडच्या लिखित संगीतात एक सोय आहे. कॉर्नेट, अल्टो, युफोनियम, ट्यूबा यांचे कागद एकाच पद्धतीनं लिहिले, तर कागदावरचा 'सा' दिसला की सगळ्यांची बोटं सारखीच पडतात. निघणारा सूर वाद्यागणिक वेगळा, पण डोळ्यांना दिसणारी खूण आणि बोटांची चाल एकच. म्हणून आज अल्टो वाजवणारी मुलगी उद्या ट्यूबावर बसू शकते. ही सोय बी फ्लॅटला आहे तशी ई फ्लॅटलाही आहे.

ई फ्लॅटला मात्र आणखी एक गंमत आहे. मोठ्या वाद्यवृंदाचे कागद खर्जाच्या चिन्हात, म्हणजे बास क्लेफमध्ये असतात. ई फ्लॅटवाल्यानं ते चिन्ह डोळ्याआड करून तेच ठिपके नेहमीच्या ट्रेबल क्लेफचे समजून वाचले, आणि सुरुवातीच्या खुणांत तीन फ्लॅट कमी धरले, की सूर आपोआप बरोबर निघतो. मधे कुठे सुटी खूण आली तर तेवढं लक्ष ठेवावं लागतं. दोन्ही पद्धतींचे कागद वाचता आले की मुलाला पुढची दारं उघडतात. सैन्याच्या वादकांचं प्रशिक्षण जिथे होतं, ते पचमढीचं केंद्र १९५० सालापासून चालू आहे. आपल्या चिखलदऱ्याच्या सातपुड्यातच, थोडं पुढे. तिथे गेल्यावर मला पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त छळलं ते या खर्जाच्या चिन्हानं. आपल्या पोरांना ते इथेच शिकता येईल.

तिसरी गोष्ट कळांची. हा भाग जरा आकड्यांचा आहे. गणिताच्या सरांची परवानगी घेऊन सांगतो. ट्यूबाची पहिली कळ सूर दोन पट्ट्या उतरवते, दुसरी एक, तिसरी तीन. पट्टी म्हणजे पेटीवरची काळी-पांढरी धरून एकेक. कळ दाबली की जादा नळीचा एक तुकडा वाटेत जोडला जातो. पहिली आणि तिसरी मिळून दाबली तर पाच पट्ट्या उतरायला हव्यात. पण प्रत्येक तुकडा मोकळ्या नळीच्या हिशेबानं कापलेला असतो, आणि नळी आधीच लांबलेली असली की तो तोकडा पडतो. तेरा फुटांच्या ई फ्लॅटवर ही तूट सव्वानऊ सेंटिमीटरच्या घरात जाते. तिन्ही कळा एकदम दाबल्या तर सतरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराला थोडी कमी. तेवढी नळी कमी, म्हणून सूर चढा. बी फ्लॅटवर ही तूट त्याच प्रमाणात मोठी.

यावर साधा उपाय म्हणजे चौथी कळ. ती एकटीच पाच पट्ट्या उतरवते, आणि तिचा तुकडा नेमक्या मापाचा असतो. पहिली-तिसरीच्या जोडीऐवजी चौथी दाबायची. महागडा उपायही आहे. १८७४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकली यांनी अशी रचना काढली की चौथी कळ दाबली की बाकीच्या कळांची तूट आपोआप भरून निघते. ती वाद्यं उत्तम असतात, पण आपल्या वर्गणीत बसत नाहीत आणि जडही असतात. आपल्याला साधी चौथी कळ पुरे. पण ती हवीच. कोटेशनमधला तीन कळांचा स्वस्त नग घेऊ नका, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

चौथी गोष्ट पेटीशी जुळण्याची. शाळेत प्रार्थना पेटीवर होते आणि आता बँडही तिच्या सोबतीला येईल. काळी दोन, काळी पाच, पांढरी चार या पट्ट्या पितळी वाद्यांना घरच्यासारख्या. काळी एकही चालते. ई फ्लॅटवर तिचा 'सा' नुसती पहिली कळ दाबली की निघतो. पण पांढरी तीन धरली तर खालच्या सप्तकातल्या 'सा'साठीच तिन्ही कळा एकदम दाबाव्या लागतात, म्हणजे वर सांगितलेली वीतभराची तूट थेट 'सा'वरच येते. कॉर्नेटवाल्यांचेही हाल होतात. तेव्हा संगीताच्या बाईंना विनंती, बँड सोबत असेल त्या दिवशी पांढरी तीन नको. एक पट्टी खाली, काळी दोन धरावी. गाणाऱ्यांना फार फरक पडत नाही, आणि ई फ्लॅट ट्यूबाचं तर ते घरच.

पाचवी गोष्ट आपल्या हवेची. पितळी वाद्यात वाजते ती आतली हवा. हवा तापली की सूर चढतो, गारठली की उतरतो. पेटीच्या स्वरपट्ट्यांवर याचा परिणाम फारच थोडा होतो. म्हणून उन्हात बँड आणि पेटी यांचं जमत नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो हे मी तुम्हाला काय सांगावं! सूर चढला तर जुळवणीची नळी बाहेर ओढायची. नळी शंभरात एक भाग लांबवायची तर बी फ्लॅटवर ती पावणेतीन सेंटिमीटर ओढावी लागते, ई फ्लॅटवर दोन. हे दोन्हीकडे जमतं. खरी पंचाईत थंडीत होते. २६ जानेवारीला सकाळी मैदानावर धुकं असतं, पितळ बर्फासारखं गार असतं. सूर उतरलेला असतो, आणि नळी आत ढकलायला एका मर्यादेपलीकडे जागाच नसते. मग वाद्य फुंकून फुंकून गरम करावं लागतं. अठरा फूट नळी गरम करण्यापेक्षा तेरा फूट नळी गरम करणं लहान छातीला सोपं. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं. त्या बावन्न सेकंदांत सगळी शाळा ताठ उभी असते, आणि बास उतरलेला असला तर तो लपत नाही.

आता बी फ्लॅटची बाजूही मांडतो, नाहीतर तो माझ्यावर रुसेल. मी आयुष्यभर तोच वाजवला. त्याचा खर्ज ई फ्लॅटपेक्षा रुंद आणि खोल असतो. मोकळ्या मैदानावर पन्नास-साठ वादकांचा बँड चालतो तेव्हा खाली बी फ्लॅट हवाच. दसऱ्याला राजकमल चौकातल्या गर्दीत किंवा श्रावणात राजराजेश्वराच्या कावडीच्या गलक्यात टिकायचं असेल तरी तोच हवा. पण आपला बँड वीस-पंचवीस मुलांचा. एवढ्या बँडला ई फ्लॅटचा खर्ज पुरतो, आणि त्याचा आवाज नेमका, स्वच्छ येतो. चालीतली 'धम-धम' जागच्या जागी पडते. बँड वाढला, चाळीस मुलांचा झाला, तर पुढच्या एखाद्या बॅचनं बी फ्लॅट द्यावा. दोघं मिळून जे वाजेल ते ऐकायला मी अमरावतीपर्यंत पायी येईन.

सहावी गोष्ट खरेदीची. आपल्याकडची बहुतेक पितळी वाद्यं मेरठहून येतात. तिथल्या जाली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा आहे. नादिर अली यांची तिथली पेढी १८८५ पासूनची. लष्करी बँडमधल्या माणसानंच ती सुरू केली होती. माल चांगला निघतो, पण एकाच कारखान्यातले दोन नग सारखे नसतात. म्हणून कागदावर सही करण्याआधी वाद्य हातात घेऊन चार परीक्षा करा. एक, कळ न दाबता निघणारे सूर पेटीशी ताडून पाहा. दोन, प्रत्येक कळ दाबून सोडा, ती अडखळता कामा नये. तीन, जुळवणीच्या सगळ्या नळ्या हातानं सहज सरकतात का पाहा. चार, कर्ण्याचं तोंड एकानं गच्च झाकून दुसऱ्यानं हळू फुंकायचं, डाग दिलेल्या जागी हवा सुटली तर तो नग परत. मुखनळी ई फ्लॅटच्याच मापाची मागा. आणि पेटी, म्हणजे ठेवायची, कडक घ्या. वाद्यं वाजवताना मोडत नाहीत, ठेवताना मोडतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. ई फ्लॅट घेतल्यानं कोटेशनप्रमाणे आपले काही पैसे वाचतात. पितळ कमी, म्हणून भाव कमी. ते पैसे परत वाटू नका, आणि त्यातून कोनशिलाही बसवू नका. ते शिकवणाऱ्याला द्या.

शिकवणारा कुठून आणायचा? तो इथेच आहे. अमरावतीत आणि अकोल्यात लग्नाचे बँड आहेत. त्यांच्यात बास वाजवणारी जाणती माणसं आहेत. आपण त्यांना वरातीत पाहतो, हाताच्या इशाऱ्यानं गाणं बदलायला सांगतो, आणि जेवायच्या पंगतीत शेवटी बसवतो. त्यांचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून उन्हाळ्यापर्यंत. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुहूर्त बंद, कामही बंद. चार महिने हातावर हात. आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. म्हणजे ज्या चार महिन्यांत त्यांना काम नसतं, त्याच चार महिन्यांत आपल्या मुलांना शिकायचं असतं. पंचांगानंच घालून दिलेली ही जोडी आहे. आठवड्याला तीन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास. मानधन आपल्या शिल्लक पैशातून. आणि शाळेत आल्यावर त्यांना 'बँडवाला' नाही, 'सर' म्हणायचं. मुख्याध्यापक बाईंनी याला होकार दिला आहे. शिकलेली माणसं एका वाद्यामुळे थोडी आणखी शिकतील, असंही मी मनातल्या मनात धरून आहे.

काही जण म्हणतील, एवढ्या पैशात संगणक आले असते. येतीलही, पुढच्या वर्षी. पण ज्या पोराला वर्गात कुणी उभं करत नाही, ते पोर बँडमध्ये उभं राहतं. बासवाल्याचं तर अजूनच वेगळं. त्याला कधी सुरावट मिळत नाही. टाळ्या ट्रम्पेटवाल्याला पडतात. पण तो अर्धा ठोका चुकला तर सगळ्यांचे पाय चुकतात. आपल्यामुळे बाकीचे नीट चालतात, हे ज्याला चौदाव्या वर्षी कळलं, तो पुढे कुठल्याही कामात बरा निघतो. सैन्यात मी अशी पुष्कळ माणसं पाहिली.

तेव्हा माझं मत साध्या शब्दांत: ट्यूबा ई फ्लॅटचा, चार कळांचा, कडक पेटीसह. उरलेले पैसे शिकवणाऱ्यासाठी. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी हात वर करा. ज्यांना नसेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, मी भांडायला तयार आहे. वाद्य पाहायला मेरठला जायची जबाबदारी मी घेतो, जाण्या-येण्याचं भाडं माझं. सोबत दोघं जण या, म्हणजे कर्ण्याचं तोंड झाकायला माणूस लागेल तो मिळेल.